अपघातानंतर इन्फेक्शन होऊ नये म्हणून काय करायचं? पहिल्या तासापासून हाड जुळेपर्यंत

मोठा अपघात झाला, ऑपरेशन झालं, पेशंट वाचला, की घरच्यांचा लगेच पुढचा प्रश्न येतो, आता इम्युनिटी वाढवायला काय द्यायचं? मग कोणी गुळवेलीचा काढा सांगतं, कोणी मेडिकलमधून झिंकच्या गोळ्या आणि महागडा पावडरचा डबा आणतं, आणि त्याच घरात पेशंटला मात्र "पू होईल" म्हणून वरण, अंडी, दही सगळं बंद करून पेज आणि चहा-बिस्किटावर ठेवलेलं असतं. माझं सरळ म्हणणं आहे की हे अगदी उलटं चाललंय. इजा झालेल्या शरीराला जंतूंशी लढायला बळ देता येतं, नक्की येतं, पण ते बाटलीतून येत नाही, ते येतं जखम वेळेत धुण्यातून, धनुर्वाताच्या लसीतून, रोजच्या ताटातल्या प्रोटीनमधून, साखर ताब्यात ठेवण्यातून, खोल श्वासातून आणि स्वच्छ हातांतून. हे सगळं कधी आणि कसं करायचं ते क्रमाने लिहितो.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या

गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं किंवा कडबाकुट्टीत हात गेला तर नुसती जखम होत नाही, पूर्ण शरीर हादरतं. फुटलेल्या पेशींमधून मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांचे) तुकडे रक्तात येतात, आणि मायटोकॉन्ड्रिया हे मुळात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जीवाणूंपासून आलेले असल्यामुळे पांढऱ्या पेशी ते बघून जंतूच शिरलेत असं समजतात आणि जोरात कामाला लागतात. म्हणून इन्फेक्शन नसतानाही पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो, पांढऱ्या पेशींचा काउंट वाढतो, घाबरून जायचं कारण नसतं.

पण त्याच वेळी शरीर स्वतःला आवरायलाही लागतं. कॉर्टिसॉल हे तणावाचं हार्मोन वाढतं, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि जंतू ओळखून बाकीच्या पेशींना खबर देणाऱ्या मोनोसाइट पेशी मंदावतात. म्हणजे एकीकडे सूज भरपूर आणि दुसरीकडे खरे जंतू आले तर त्यांच्यावर पकड ढिली. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत न्यूमोनिया, जखमेत पू, लघवीचं इन्फेक्शन हे सगळं याच काळात गाठतं. त्यामुळे "इम्युनिटी बूस्ट" हा विचारच इथे पुरेसा नाही, कारण ती काही सरसकट कमी झालेली नसते, तिचा ताळमेळ गेलेला असतो. आपल्या हातात दोनच कामं आहेत, तिच्यावरचं ओझं कमी करायचं आणि तिला लागणारं सामान पुरवायचं.

जागेवर, पहिला तास

१०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघत बसू नका. आत घुसलेली काच, सळई, लाकूड उपटून काढू नका, ते हॉस्पिटलमध्येच काढतात.

खरचटलेली किंवा लहान जखम असेल तर नळाच्या पिण्यालायक वाहत्या पाण्याखाली चांगली पाच-दहा मिनिटं धुवा. साधं स्वच्छ पाणी पुरतं, ते सलाईनपेक्षा कमी पडतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. मोठी जखम असेल किंवा हाड दिसत असेल तर मात्र तिथे खोदत बसायचं नाही, स्वच्छ कापडाने झाकायची आणि निघायचं.

जखमेवर काही म्हणजे काहीही भरायचं नाही. हळद, चुना, कॉफी पावडर, टूथपेस्ट, राख, रॉकेल, पाल्याचा रस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेण किंवा माती. हळदीबद्दल लोकांना राग येतो म्हणून सांगतो, हळदीतल्या घटकाचा प्रयोगशाळेत जंतूंवर परिणाम दिसतो हे खरं आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ती जखमेत घट्ट बसते आणि मग डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते. मातीत आणि शेणात तर धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात जे वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

एक गोष्ट बहुतेकांना सुचत नाही, पेशंटला गरम ठेवा. ओले कपडे काढा, चादर-ब्लँकेट गुंडाळा, गाडीतला एसी बंद करा. अंग गार पडलं की त्वचेकडचं रक्त कमी होतं, जखमेपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आणि पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजनच लागतो. १९९६ साली आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवर झालेल्या अभ्यासात ज्यांना ऑपरेशनच्या वेळी गरम ठेवलं त्यांच्यात जखमेचं इन्फेक्शन ६ टक्के होतं, आणि ज्यांचं अंग गार पडू दिलं त्यांच्यात १९ टक्के. एका ब्लँकेटचा खर्च तो किती.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर

हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर असेल तर शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात सुरू व्हायला पाहिजे. कॅज्युअल्टीत गर्दी असते, म्हणून नम्रपणे पण स्पष्ट विचारा, "डॉक्टर, अँटिबायोटिक दिलं का, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का?" अपघात किती वाजता झाला, कुठे झाला (शेतात, गटारात, रस्त्यावर) हे सांगा, आणि पेशंटला शुगर आहे का, किडनीचा त्रास आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू आहे का, हे न विचारता सांगा. सांधेदुखीची गावठी पावडर किंवा पुड्या घेत असतील तर तेही लपवू नका, अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि त्याने प्रतिकारशक्ती दबलेली असते.

आता धनुर्वाताचं. आपल्याकडे दोन टोकं आहेत, काही लोक दर सहा महिन्यांनी टीटी घेतात ज्याची गरज नसते, आणि काहींनी आयुष्यात कधीच पूर्ण कोर्स घेतलेला नसतो. बायकांना निदान गरोदरपणात इंजेक्शन मिळालेलं असतं, पण चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांच्या बाबतीत अनेकदा कोणालाच काही आठवत नाही. नियम असा की पूर्वी किमान ३ डोस झालेले असतील तर स्वच्छ लहान जखमेसाठी शेवटच्या डोसला १० वर्षं होऊन गेली असतील तरच बूस्टर, आणि मातीची, खोल, चिरडलेली जखम असेल तर ५ वर्षं होऊन गेली असतील तर बूस्टर. ३ पेक्षा कमी डोस झालेत किंवा काहीच माहीत नाही, आणि जखम घाण आहे, तर लसीसोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन म्हणजे टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, साधारण २५० युनिट, कारण लसीचा परिणाम यायला दिवस लागतात. हल्ली टीटीच्या जागी टीडी लस देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं, त्यामुळे वेगळं नाव बघून गोंधळू नका.

मग येतं जखमेची सफाई, म्हणजे डिब्राइडमेंट. मेलेलं मांस, माती, हाडाचे सुटे तुकडे काढून भरपूर सलाईनने धुतात. मेलेल्या मांसाला रक्तपुरवठा नसतो, तिथे ना पांढऱ्या पेशी पोचतात ना अँटिबायोटिक, जंतूंना मात्र आयतं घर मिळतं, म्हणून माझ्या मते इन्फेक्शन टाळण्यातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत उघड्या फ्रॅक्चरच्या २४०० हून जास्त पेशंटमध्ये बघितलं तर साबणाच्या पाण्यापेक्षा साधं सलाईनच चांगलं ठरलं आणि पाण्याच्या जोराने काही फरक पडला नाही. आणि डॉक्टरने जखम उघडीच ठेवली, दोन दिवसांनी परत ओटीत नेऊन धुतली, तर "पैसे काढतायत" असं लगेच म्हणू नका. घाण जखम घाईने शिवून टाकली तर आत पू कोंडतो.

वॉर्डातले दिवस: श्वास, नळ्या, हात

छातीला मार लागलेला किंवा पडून राहिलेला पेशंट न्यूमोनियाने जास्त आजारी पडतो, जखमेने नाही, आणि हे टाळणं बरंचसं घरच्यांच्या हातात आहे. ते तीन बॉलचं मशीन मिळतं ना, त्यात बहुतेक लोक फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं आहे! आधी श्वास सोडा, मग नळी तोंडात घट्ट धरून हळूहळू आत ओढा, बॉल वर दोन-तीन सेकंद टिकवा, सोडा. जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा. बरगड्या मोडल्या असतील तर खोकताना छातीवर उशी दाबून धरा. आणि दुखत असेल तर सहन करत बसायचं नाही, कारण दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, कफ आत साचतो. दुखणं कमी करायची औषधं इथे इन्फेक्शन टाळण्याच्याच कामाची आहेत.

डॉक्टर-नर्सने मनाई केली नसेल (पाठीच्या कण्याला मार असेल तर करतात) तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा, दिवसातून दोनदा दात घासून द्या, आणि परवानगी मिळाल्याबरोबर बसवा, उठवा.

शरीरात घातलेली प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना उघडं दार आहे, म्हणून रोज राउंडला एकच प्रश्न विचारा, "ही लघवीची नळी अजून लागते का?" गरज संपली की लगेच काढायची. असेपर्यंत पिशवी कायम कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, आणि पेशंट हलवताना ती पोटावर ठेवायची नाही, लघवी उलटी जाते. सलाईनच्या सुईजवळ लाली, दुखणं, सूज दिसली की लगेच नर्सला दाखवा.

हात. पेशंटला, ड्रेसिंगला, नळीला हात लावायच्या आधी आणि नंतर साबण किंवा सॅनिटायझर, प्रत्येक वेळी. आणि बघायला येणाऱ्यांची रांग आवरा. आपल्याकडे मोठं ऑपरेशन म्हणजे आख्खा गाव भेटायला येतो, प्रेमानेच येतो, पण सर्दी-खोकला असलेल्याने फोनवर बोलावं, बेडवर बसू नये, आणि ज्याने त्याने जखम उघडून बघू नये. घरातल्या एका कडक माणसाला दारात बसवा.

खाणं: इथे सगळ्यात जास्त चुकतं

पांढऱ्या पेशी, अँटिबॉडी, नवीन मांस, हाड, हे सगळं प्रोटीनपासून बनतं. मोठ्या इजेनंतर शरीर हे प्रोटीन मिळवायला स्वतःचे स्नायू वितळवायला लागतं, म्हणूनच पंधरा दिवसांत पेशंटच्या मांड्या आणि दंड वाळलेले दिसतात. बाहेरून दिलं नाही तर शरीर स्वतःलाच खातं.

गंभीर पेशंटसाठी रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रोटीन आणि साधारण २५ ते ३० कॅलरी असा हिशोब धरतात. ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅमच्या आसपास धरा. आयसीयूत असेल आणि तोंडाने खाता येत नसेल तर नाकातल्या नळीने २४ ते ४८ तासांत फीड सुरू करायचा प्रयत्न असतो, आठवडाभर नुसत्या सलाईनवर ठेवू नये, कारण सलाईन म्हणजे मीठ-पाणी किंवा साखर-पाणी, जेवण नाही.

९० ग्रॅम ऐकायला डोंगर वाटतो पण आपल्याच स्वयंपाकघरात बसतो. २ अंडी म्हणजे १२ ग्रॅम, मोठा ग्लास दूध ८, घट्ट वरणाच्या दोन वाट्या १४, मटकीची किंवा चवळीची उसळ वाटीभर ८, दोन वाट्या दही ७, मूठभर शेंगदाणे ७, चार पोळ्यांचे १२, असे ६८ झाले. वर १०० ग्रॅम शिजलेलं चिकन घातलं की २५ आणखी, किंवा शाकाहारी असाल तर ५० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे चंक भिजवून भाजीत टाका, त्यातही २५ च्या आसपास मिळतात. मासे असतील तर उत्तमच, मऊ असतात, आजारी माणसाला जातात. भूक नसते तेव्हा तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान करा, भाकरीच्या पिठात बेसन किंवा सोयाचं पीठ मिसळा, पेज द्यायचीच तर मुगाची डाळ घालून द्या. साबुदाण्याची खीर आणि नारळपाणी यांत प्रोटीन जवळजवळ नसतंच, ती द्या पण त्यावर पोट भरू नका.

"वरणाने, अंड्याने, भाताने, वांग्याने पू होतो." नाही होत. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि सडलेलं मांस. तो जंतूंमुळे होतो, ताटातल्या कुठल्याच पदार्थामुळे नाही. सासूबाईंना, आजीला हे समजावणं अवघड आहे, तर त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, डिस्चार्जच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच विचारा.

व्हिटॅमिन सी शिवाय जखमेचा धागा म्हणजे कोलॅजन नीट विणला जात नाही, पण त्यासाठी एक पेरू किंवा एक-दोन आवळे रोज पुरतात. झिंकची गोळी डॉक्टरने लिहिली असेल तेवढे दिवसच घ्या, जास्त झिंक जास्त दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि मग पांढऱ्या पेशीच घटतात, म्हणजे करायला गेलो काय आणि झालं काय. किडनीचा आजार असलेल्याने प्रोटीनचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावं.

आणि गुळवेल? २०२० मध्ये कोविडच्या काळात "इम्युनिटीसाठी" गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी अपघाताच्या पेशंटला आधीच अँटिबायोटिक, दुखण्याच्या गोळ्या, रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतात, त्यात आणखी एक काढा कशासाठी? महागड्या गोष्टीही चांगल्याच असतात असं नाही. ग्लुटामाइन हा प्रतिकारशक्तीसाठी चांगला समजला जाणारा घटक २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत आयसीयूतल्या अत्यंत गंभीर पेशंटना जास्त प्रमाणात दिला, तर त्यांच्यात मृत्यू वाढले.

साखर

ज्याला कधी डायबेटिस नव्हता त्याचीही साखर मोठ्या इजेनंतर वाढते, तणावाच्या हार्मोनमुळे. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचण्यात आणि त्यांना गिळण्यात कमी पडतात. आयसीयूत साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात, त्यापेक्षा फार खाली ओढायलाही जात नाहीत. म्हणून "अशक्तपणा आलाय" म्हणून ग्लुकोज पावडर आणि पॅकमधले ज्यूस पाजणं बंद करा, आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, कित्येकांना जुना डायबेटिस अपघातानंतरच कळतो.

तंबाखू, मिश्री, विडी, दारू

हे सगळं बंद, आणि "थोडीशी मिश्री" सुद्धा यात आली. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं. पायाच्या गंभीर फ्रॅक्चरच्या एका अमेरिकन अभ्यासात सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये इन्फेक्शनचं प्रमाण दुपटीहून जास्त आणि हाडात इन्फेक्शन जाण्याचं प्रमाण साडेतीन पटीहून जास्त होतं. घरी मिश्री लावणाऱ्या मावशी-आजींना कोणी विचारत नाही, विचारा. दारू रोजची असेल तर ती डॉक्टरला सांगूनच थांबवा, एकदम तुटली की भ्रम होतो, झटके येतात.

घरी आल्यावर जखम आणि औषधं

ड्रेसिंग सांगितलेल्या दिवशीच, हात धुऊन. बाहेरून रॉड किंवा रिंग लावली असेल तर प्रत्येक पिनच्या भोवतीची जागा डॉक्टरने दाखवल्याप्रमाणे साफ करा आणि पिनेजवळ लाली, स्राव, सैलपणा दिसला तर फोटो काढून ठेवा आणि कळवा. प्लास्टरच्या आत खाज येते म्हणून पट्टी, सुई, विणकामाची काडी घालू नका, आत जखम होऊन कुजते आणि वरून काहीच दिसत नाही.

अँटिबायोटिक दिलं तेवढंच, आपल्या मनाने ना कमी ना जास्त. जास्त दिवस घेतलं म्हणजे जास्त संरक्षण असं नसतं, उघड्या फ्रॅक्चरमध्येही बऱ्याचदा ते १ ते ३ दिवसांतच थांबवतात, आणि उगाच लांबवलं तर औषधाला न जुमानणारे जंतूच मागे उरतात. मेडिकलवाल्याकडून "जरा स्ट्राँग" गोळी आणणं तर बिलकुल नको.

ताप वाटला की आधी थर्मामीटर लावा, आकडा आणि वेळ लिहा, मगच पॅरासिटामॉल द्या. नाहीतर गोळीने ताप झाकला जातो आणि डॉक्टरला काहीच कळत नाही.

लगेच, रात्री दोन वाजले तरी, हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा: ताप १००.४ च्या वर किंवा अंग ९६.८ च्या खाली गार, मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, पेशंट बरळतोय किंवा नेहमीसारखा बोलत नाहीये, लघवी अगदी कमी झालीय, हातपाय गार आणि डागाळलेले, जखमेची लाली तासातासाने पसरतेय, घाण वास, किंवा दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच जास्त दुखतंय. यातलं बरंचसं सेप्सिसचं, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीरातले अवयव बिघडायला लागल्याचं, लक्षण असू शकतं आणि त्यात तास मोजावे लागतात, "सकाळी बघू" चालत नाही. जबडा आखडला, तोंड उघडेना, तर धनुर्वात समजून निघा.

प्लीहा काढली असेल तर

पोटाला मार लागून कधीकधी प्लीहा काढावी लागते. रक्तातले काही जंतू गाळून काढायचं काम तीच करते, त्यामुळे तिच्याशिवाय साधा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तीन जंतूंवरच्या लसी लागतात, तातडीचं ऑपरेशन असेल तर साधारण १४ दिवसांनी देतात, काहींचे पुढे बूस्टरही असतात. डिस्चार्ज कार्डवर लसींच्या तारखा लिहून घ्या, नसतील तर मागा. पाकिटात "माझी प्लीहा काढलेली आहे" अशी चिठ्ठी ठेवा. मलेरियाच्या भागात जाताना आणि कुत्रा चावल्यावर विशेष घाई करा, कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा माणसांमध्ये भयंकर वेगाने पसरतो.

रॉड-प्लेट असेल तर पुढचे महिने

धातूवर जंतू चिकटून चिवट थर करतात, तिथे औषध आणि पांढऱ्या पेशी दोन्ही नीट पोचत नाहीत, म्हणून इन्फेक्शन कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही डोकं वर काढतं. जखमेच्या जुन्या वणातून थोडं पाणी येतं, खपली धरते, पुन्हा फुटतं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, हाड जुळतच नाही, असं काही दिसलं तर मलम लावत बसू नका. आणि दाखवायला जाण्याआधी घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू करू नका, कारण मग आतला नमुना कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवला तरी जंतू उगवत नाही आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. जाताना ऑपरेशनचे कागद, कुठली प्लेट टाकली त्याचं स्टिकर, जुने एक्स-रे आणि आतापर्यंत घेतलेल्या औषधांची यादी सोबत न्या.